मर्लचं शेवाळ

ब्रूनी बेटाच्या फेरीबोटीसाठी रांग होती. पुढच्या म्हाताऱ्याच्या बुटाला नखाएवढं शेवाळ चिकटलेलं रांगेतल्या नोएलीनला दिसलं. त्याच्या शेजारी एक तरुणी लॅपटॉप उघडून उभी होती.

“क्लाइव्ह, तुमचं शेवाळ नवं नाहीच. ते आधीच कुणीतरी शोधलंय, त्यामुळे तेच जुनं नाव लावावं लागेल. सगळ्या फायलींत नाव बदलणारी स्क्रिप्ट वर्षभरापासून तयार आहे.”

“किती फायली?”

“चार हजार. एका दमात बदलतील.”

“थुई, त्याला मी बायकोचं नाव दिलंय गं.”

“ठाऊक आहे. चाचणीत तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं भाषणही सापडलं. ‘माझी लाडकी मर्ल’मध्ये मर्लच्या जागी जुनं लॅटिन नाव घालू?”

“खबरदार! चाळीस वर्षांत मी दिलेल्या भेटींपैकी शेवाळाचं ते नावच तेवढं तिला आवडलं.”

“मग?”

“बोट आली बघ.”

“क्लाइव्ह!”

“बरं. भाषण वगळ आणि चालव. मर्लला मी आजच सांगतो.”