पलंगाखालचा खोका

किशनराव: आता बंद.

राजूबाई: आई, परत बरोबर! सात वेळा पलंगाखालच्या खोक्याची वायर काढली, अप्पांनी भिंतीकडं तोंड करून सातही वेळा ओळखलं. तुला कळलं का काही?

कमलबाई: मला न्हाई बाई. पिक्चरातली मानसं बोलायलेत, घोडे पळायलेत. खोका असला काय, नसला काय.

राजूबाई: ह्यांच्या बिदरच्या दुकानात गिऱ्हाईक हेच म्हनून गेलं. घरात टीव्हीला एवढा जाड, घुमणाऱ्या आवाजाचा खोका कशाला, फरक ऐकूच येत न्हाई. म्हनून हे म्हनले, माहेरी नेऊन लावून बघ.

कमलबाई: तुझ्या अप्पाला येतंय की. पलंगावर बसलेत नवाबावानी. खोक्याचं ऐकतेत, माझं न्हाई.

राजूबाई: आई, आज तरी नको.

कमलबाई: मग कवा? उद्याच्या गाडीनं मी चिंताकीला चालले अक्काकडं, कायमची. दोन वरसं झाली, चुलीपासून हाका मारते, हूं न्हाई की चूं न्हाई. अक्काच्या दुखण्यात चार महिने तिकडं ऱ्हायले, त्याचा राग अजून धरून बसलेत.

राजूबाई: अप्पा तसे न्हाईत गं. थांब, खोका लावते.

किशनराव: चालू.

कमलबाई: बघ. खोक्याला कसं चटकन उत्तर!

राजूबाई: आता शेवटचं एकदा काढते.

कमलबाई: अगं, टीव्हीच मुका केलास की!

राजूबाई: चुकले. बोलण्याची वायर निघाली. पलंगाखाली खोकाच तेवढा घुमायलाय.

किशनराव: चालू हाय. ब्येस चाललाय पिक्चर.

राजूबाई: अप्पा, काय ब्येस? आवाज कुठाय? ... अप्पा!

कमलबाई: थांब, हात लावू नको त्यांना. ... अवं, ऐकलं का? ... अवं, मी उद्या चालले.

राजूबाई: आई...

(कमलबाई पलंगाला वळसा घालून किशनरावांच्या समोर बसते.)

किशनराव: काय झालं? चुकलो का?

कमलबाई: कवापासून?

किशनराव: काय कवापासून?

कमलबाई: कानाचं.

किशनराव: ... तू चिंताकीला होतीस तवा. ताप आला, आधी एक गेला, मग दुसरा. समोरच्याचं तोंड बघून भागतंय. पाठीमागचं काही न्हाई.

राजूबाई: (आईशेजारी, अप्पांच्या समोर येऊन) मग खोका कसा कळला, अप्पा?

किशनराव: इथं हात ठेव, पलंगाच्या फळीवर. थरथरायलीय का? त्याला कान कशाला लागतेत?

कमलबाई: मला सांगितलं कामून न्हाई?

किशनराव: अक्काचं हागणंमुतणं काढून आली होतीस. हाडं राहिली होती नुसती. म्हनलं, आल्या आल्या आता बहिरा कुठं गळ्यात घालू?

कमलबाई: आन मी दोन वरसं म्हनायले, रुसलेत.

किशनराव: लई बोललीस का गं माझ्याशी?

कमलबाई: लई.

किशनराव: काय काय?

कमलबाई: कसं सांगू? शिव्या बी दिल्या, पाठीमागं.

किशनराव: मग शिव्यांपासूनच सुरू कर. फक्त दाराकडं तोंड करून बस. उजेडात नीट दिसतंय.