देवाजीची सही

...नाई, तुमीच सांगा मले, ज्या गोष्टीले नाई म्हणायले माणूस दोनशे किलोमीटर जाते, तिलेच होय लिवून येते, अन् त्याच्यापायी कंबर कोणाची मोडते, त माही. गाडी माही होती ना. देवाजी मागं बसून होता, म्हणजे बसून कुठचा, दर दहा किलोमीटरले म्हणे, "संघपाल भाऊ, थांब जरा, पाय मोकळे करतो." आष्टीले थांबलो, आलापल्लीले थांबलो, पुढं त जिथी झाड दिसलं तिथी थांबलो... तुमाले सांगतो, देवाजीचं बूड काही टेकेना.

देवाजी म्हणजे आमच्या गावचा ढिवर, मूलजवळ आमचं गाव, तिथल्या तलावात जाळं टाकणारा माणूस. त्याची पोट्टी रोशनी, सव्वीस वर्षाची, दोन वर्षांपासून पोलिसात, भामरागडच्या अलीकडे एका कॅम्पात. आता पोलिसात म्हटलं त तुमाले वाटन बंदूक. कायची बंदूक... कॉम्प्युटर देल्ला तिले. हजेरी टाइप कर, गावात गेले त बायांची झडती घे, झालं. पोट्टे चार-चार दिवस जंगलात गस्तीवर जात अन् हे खिडकीतून पाहे. मंग हिनं अर्ज टाकला, मलेबी गस्तीवर पाठवा, ट्रेनिंग पोट्ट्यांसंगच केली हाये. त साहेबानं काय म्हणावं? "वडिलांची लेखी संमती आणा." हे नियमात कुठी लिवलं हाये काय? कुठीच नाई. साहेबाच्या मनात आलं.

पोट्टीचा फोन आला तसं देवाजीनं हातातलं जाळं खाली ठेवलं. "नाई लिवून देतो," म्हणे, "माह्या हातानं लिवतो."

अन् त्याचं चुकलं असंबी मी म्हणत नाई. बाजूच्या गावचा एक पोट्टा, पोलिसातलाच, सुरुंगात गेलता, तिरंग्यात घरी आणला, त्याले खांदा देणाऱ्या चौघांत देवाजी होता. फार हलकं लागलं म्हणे ओझं. हे त्यानं मले एकदाच सांगतलं, मी पुन्हा विचारलं नाई.

त्याची बायको नीलाबाई मासोळ्या साफ करून राह्यली होती. वर न पाहता म्हणे, "जा. पण पोरीच्या तोंडाकडे पाहून लिवजा."

कॅम्पात पोचलो. साहेब पोरगेलासा, पुण्याकडचा, बोलणं एकदम गोड. खुर्ची देल्ली, चहा देल्ला, कागद पुढं केला. देवाजीनं पेन उचलला, 'नाही' मधला 'ना' लिवूनबी झाला होता, तुमाले सांगतो, मी डोळ्यानं पाह्यला तो 'ना'. तेवढ्यात साहेबाले प्रेम आलं. "काका, अगदी योग्य करताय. माझंही हेच म्हणणं आहे. पंचवीस किलोचं ओझं, दिवसभर चाल, वाटेत नाले. मुली नाजूक असतात हो, त्यांना नाही झेपत."

पेन थांबला.

"कोणाले नाई झेपत?"

"म्हणजे... मुलींना, काका."

झालं. गडी उठला ना खुर्चीवरून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते अन् बोलते, "साहेब, हिच्या भरतीच्या आधी माहा पाय मोडला, तलावाच्या पाळीवर, गाडी येत नाई तिथी, हिनं मले पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं, दीड कोस, चिखलातून, मी सत्तर किलो, अन् तुमचं पोतं चूप त बसते, मी बोंबलत होतो, तिचे केस धरून बोंबलत होतो, तरी तिनं मले खाली नाई ठेवलं... अन् तुमी पंचवीस किलोचं सांगता काय?" मंग साहेबापुढं येऊन उभा राह्यला. "हिच्यासंग भरती झालेला तो प्रफुल हाये ना तुमच्या टोळीत, त्याच्या बापाची सही दाखवा."

"मुलांना नाही लागत, काका."

"काऊन?"

देवाजीनं तो 'ना' खोडला, असा खोडला का कागद फाटला, अन् खाली लिवलं, 'होय. जाऊ द्या.' बाहेर आला. मले म्हणे, "भाऊ, मी काय लिवलं रे हे?"

तुमाले वाटन पोट्टी खूश झाली. कशाची खूश... वऱ्हांड्यात वर्दीत उभी होती, म्हणे, "बाबा, तुले सही मागतलीच कायले? अन् मागतली त तू देल्ली कायले? उद्या दुसऱ्या पोरीच्या बापालेबी बलावतीन." घ्या. नाई लिवलं असतं तरी बोलणे, होय लिवलं तरी बोलणे. पण जेवू घालून पाठवलं तिनं, अन् निंगताना बापाच्या शर्टाची उघडी गुंडी लावून देल्ली.

आठ दिवसांनी ते गेली गस्तीवर. चार दिवस फोन बंद. देवाजीचं बूड काही टेकेना. सकाळी माह्या घरी, दुपारी माह्या घरी, "रेंज आली असन काय रे?" मले काय टॉवरनं सांगतलं होतं? नीलाबाई शांत दिसे, पण तिनं भाजीत दोनदा मीठ टाकलं अन् देवाजीनं ते चुपचाप खाल्लं.

पाचव्या दिवशी फोन वाजला. देवाजीनं दुसरं काहीच विचारलं नाई. "ओझं झेपलं काय वं?"

"जड होतं बाबा. दुसऱ्या दिवशी रडू आलं." अन् म्हणे, "प्रफुललेबी जड होतं."

मंग सांगतलं, आणखी तिघींनी अर्ज टाकले अन् साहेबानं सहीचं बंद केलं, बापाले कोणी विचारत नाई आता. पुढची गस्त सोमवारी, यावेळी सहा दिवस.

देवाजीनं फोन ठेवला, माह्याकडे पाह्यलं, अन् एकदम हळू म्हणे, "बरं झालं भाऊ, सहीचं काम गेलं. आता फक्त वाट पाहाचं राह्यलं, त्याले कोणाची परवानगी लागत नाई."