एकोणचाळिसावी ओळ

भाची : सहा प्लगिनं नव्या सांभाळणाऱ्यांकडे गेली, मामा. एक उरलंय.

मामा : गेली काय म्हणतेस. चांगल्या घरी पडली म्हण.

भाची : बरं, पडली. ज्याला ती जोडतात ती प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी मूळ लॉगिंग लायब्ररी तुझ्याकडेच राहते. आता मेलचं प्लगिन. ते मी घ्यायचं ठरलंय.

मामा : ते असू दे गं. ज्याला हवं तोच लावतो. वापरतं कोण?

भाची : नऊशे जण. प्रोग्राम बिघडला की मेल जातो, आणि मेलमधली वेळ दहा मिनिटं मागची. चौदा तक्रारी आल्या. चौदाही तू बंद केल्यास.

मामा : माहितीत लिहिलंय की. ‘दहा मिनिटं मिळवून वाचावे.’

भाची : म्हणजे चपलेतला खडा काढायचा नाही, लोकांना लंगडायला शिकवायचं. कोडमधली ती ओळ सापडली मला. एकोणचाळिसावी. मामीनेच लिहिलेली, वर तिची टीप आहे. वाचू?

मामा : पाठ आहे.

भाची : ‘घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे, हा कॉम्प्युटरसुद्धा. नाहीतर आमचे महाशय हलत नाहीत. म्हणून इथे दहा वजा.’

मामा : बाकी जगाची घड्याळं बरोबर चालतात, हे विसरली. एवढी हुशार बाई.

भाची : आणि तुला दिसलं नाही?

मामा : दिसणार कसं? आमच्या घरी बरोबरच यायचं. पहिली तक्रार आली तेव्हा ती दवाखान्यात होती. म्हणाली, घरी आले की मीच काढते, तू हात लावू नकोस.

भाची : मामा...

मामा : नाही लावला.



भाची : चौदावी तक्रार वाचलीस? रक्तपेढीची?

मामा : त्यांचा फ्रीज बंद पडला, आणि हे भलत्याच वेळेचं कारण शोधत बसले. वाचली. त्याच दिवशी तुला फोन केला.

भाची : म्हणून सातही वाटायला काढलीस?

मामा : हे एकटंच दिलं असतं, तर टाकून दिल्यासारखं दिसलं असतं.

भाची : कुणाला दिसणार होतं?

मामा : तू ओळ काढणार ना?

भाची : ओळ काढते. टीप ठेवते.

मामा : नुसती टीप? लोक म्हणतील काय वेडेपणा आहे.

भाची : म्हणू देत.

मामा : घे. दाबलं बटण. तुझं झालं ते.

भाची : घरातली घड्याळं अजून पुढेच आहेत?

मामा : पुढेच. आणि मी हल्ली अगदी वेळेवर तयार होऊन बसतो. जायचं कुठे, तेवढं ठरत नाही. चल, साडेसहा झाले. तुझी मीटिंग असेल. फोन ठेव.

भाची : माझ्याकडे सहा वीसच झालेत. बोल.