चुकलेला धडा

हसू नका, पण गणितात पीएचडी केलेला माणूसही साधी बेरीज चुकतो. शाळांसाठीच्या सामायिक डिजिटल संग्रहात माझा अपूर्णांकांचा धडा आहे. निवृत्तीनंतर त्यात चूक दिसली आणि मी घाबरून संग्रहाच्या साहेबांना कळवलं, "धडा काढा."

तशी सूचना संग्रहावर झळकताच फुलसावंगीच्या एका शिक्षिकेचा फोन आला. "सर, धडा काहून काढून राह्यले?"

"चुकलाय हो, बाई."

"मले माहीत हाये. पोरं दरवर्षी ते चूक शोधतात अन् म्हणतात, एवढे शिकलेले सर चुकले, मंग आपण कायले भ्यायचं?"

मी साहेबांना फोन लावला. "धडा राहू द्या."

"चुकीसकट? सर, त्यावर तुमचं नाव आहे!"

"तेही राहू द्या."