मांगे भित शे

आबा, नाना, देवपूरच्या बठ्ठ्या, सगळ्या आया-बहिणी. आणि दाजी, तुम्हीही.

मी अक्काची धाकटी बहीण. भडगावहून येताना एसटीत सगळं घोकून आले होते. इथे तिच्या फोटोला हार बघितला आणि सगळं विसरले. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या किती जणांनी तिचे पाय धरलेत? मी बघितलंय. श्रावणात कानबाई देवी बसायची, सोमवारी सकाळी पांझरेवर विसर्जन. डफ वाजायला लागला की अक्का ताठ व्हायची. डोळे पांढरे, हातांना झटके. शुद्धीवर येता येता तोंडातून तेच शब्द. "धकलू नका. मांगे भित शे." ढकलू नका, मागे भिंत आहे. अहो, नदीच्या वाळूत! तिच्या मागे कुठे होती भिंत? मागे नुसतं पाणी वाहत होतं.

एका वर्षी त्याच आठवड्यात नानांच्या गोठ्याची भिंत पडली. झालं! देवी आधीच बोलली होती, म्हणालात. मग ओट्या, नारळ, लोटांगणं. दाजी सगळ्यांच्या पुढे. सोमवारी पाय धरायचे. इतर वारी केस.

बसा नाना. शोकसभा आहे, कळतं मला. इथे नाही बोलायचं तर कुठे बोलू?

तिचे बाकीचे दिवस कोणी बघितले? उजेड सोसायचा नाही म्हणून खिडकीला गोधडी. भाजीत मीठ दोनदा. बोलता बोलता शब्दच सापडायचा नाही. तुम्ही वेंधळी म्हणायचात. एकदा मी दारात आले, तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "माय कव्हय उनी?" माय कधी आली? आमची माय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी मागे वळून बघितलं. खरंच सांगते, बघितलं. अंगण रिकामं होतं.

मग तिला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या केसांतून बोटं फिरवली आणि मागच्या बाजूला थांबले. "बाई, डोकं कशावर आपटलं?" अक्का हसली. "माले काहीच याद नही." मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा पुन्हा मार बसून मेंदूला आतून इजा झालीय. हे झटके त्याचेच. गोळ्या थांबवू नका. मार थांबवा."

थांबल्या त्या गोळ्या. "देवीला कोणी गोळ्या देतं का?" असं दाजी म्हणाले आणि सगळ्या गल्लीने माना डोलावल्या. दहा दिवसांपूर्वी हौदाशी झटका आला, काठावर आपटली, ती उठलीच नाही. माझी अक्का तुमच्या भक्तीने गेली आणि दाजींच्या हाताने गेली. मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

आता तुम्ही ओट्यावर तिचं देऊळ बांधणार म्हणता. कारण काल, दहाव्याला, याच गल्लीतली एक सून ताठ झाली, डोळे फिरवले आणि म्हणाली, "मांगे भित शे." अक्का आली, अक्का आली! हळदीकुंकू आणायला धावलात सगळे. आवाज तोच, हो. क्षणभर मलाही वाटलं, आली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. पदर सरकला. केसांतून हात फिरवला तर अक्काला होतं तिथेच, अगदी तिथेच, टेंगूळ.

अक्का आलेली नाही. ही दुसऱ्या घरातली भिंत आहे.

ती पोर आत्ता माझ्या शेजारी बसलीय. तिचा हात माझ्या हातात आहे. इथून ती माझ्याबरोबर जळगावला येणार, घरी जाणार नाही. तिच्या घरचेही इथेच बसलेत. त्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने बोलतेय.

देऊळ नको. उभे राहा, थोडा वेळ सगळे गप्प राहू. फोटोपुढे कपाळ टेकू नका, ती माणूस होती. आणि या शांततेत कोणाच्या तोंडून ते शब्द पुन्हा आले, तर नारळ शोधत फिरू नका. तिच्यासमोर कोण उभं आहे, ते बघा.