ऐकलं, समजलं

बसा हो मावशी, बसा — नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — ही घ्या. कागद तिथे ट्रेमध्ये टाका, शिक्का मारणारे जेवून आले की मारतील. घाईचं आहे? इथे येणाऱ्या प्रत्येकाचं घाईचंच असतं. आणि बाहेर जायचं तर आता नावच काढू नका. दोन वाजून दहा मिनिटांनी इशारा आलाय — तीनपासून वादळी वारा, ताशी नव्वद, विजा, गारा — मीच साऱ्या गावाला घरात बसा म्हणून सांगितलंय, मग तुम्हाला कशी सोडू? — आई गं! — काही नाही, दार आपटलं. मी दचकतेच. लहानपणापासून. फुगा फुटला तरी माझा जीव घशात. आणि एवढी पदवी घेऊन नोकरी कुठली, तर वादळाचे इशारे द्यायची. हसा, हसा, सगळेच हसतात.

काम कसं असतं सांगू? मोबाइलवर मेसेज सगळ्यांनाच जातो, पण वाचतं कोण? म्हणून ही यादी. क्रेनवाले, होडीवाले, पत्र्याच्या शेडवाले, शाळेच्या बाई — ज्यांचं वाऱ्याशी थेट वाकडं आहे असे सगळे. त्यांना मी फोन करायचा, इशारा शब्दन् शब्द वाचायचा, आणि त्यांनी तो परत म्हणून दाखवायचा. शेवटी म्हणायचं, ‘ऐकलं, समजलं.’ ते म्हटलं की मी वहीत वेळ टाकते. नाही म्हटलं तर फोन झालाच नाही असं धरायचं — नियम आहे. होडीवाले काका तर पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणतात, वर विचारतात, पास का बाई? आज बावीस मिनिटांत चाळीस फोन केले. यादीत किती? एक्केचाळीस. — थांबा ना मावशी, कागदाचं बघते म्हटलं ना मी.

तो एक्केचाळीसावा — इकडे या, खिडकीतून दिसतो बघा, मैदानावरचा तो पांढरा तंबू. फर्निचरचं प्रदर्शन. एरवी मी खिडकीपासून चार हात लांब बसते, वीज चमकली की कसंतरी होतं, पण आज मुद्दाम टेबल इथे ओढलंय. का? बघायचंय मला. गेल्या वर्षी याच तंबूवाल्याला मी असाच फोन केला होता. त्याने फुलांच्या प्रदर्शनाच्या दिवशी, पाहुणे दारात असताना, अख्खा तंबू उतरवला — आणि वारा गेला नदीपलीकडून. इथे पान हललं नाही. आता वारा काय माझा मावसभाऊ आहे, माझं ऐकायला? पण नाही. भर बैठकीत, शंभर माणसांत उभा राहून म्हणाला, ‘कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाणारी ही पोरगी, हिच्या भरवशावर आम्ही दोर सोडायचे?’ हशा! साहेबसुद्धा हसले. तेव्हापासून माझं नाव ‘आली-आली’, म्हणजे वावटळ आली. भाजी घ्यायला गेलं की मागून कुणीतरी ओरडतं — आली, आली! घरी बाबा म्हणतात, मनावर घेऊ नकोस. म्हणतात आणि मिशीत हसतात. मी पाहिलंय.

मग त्याने पत्र दिलं. ‘या बाईंचा फोन मला यापुढे येऊ नये.’ खाली सही, सहीखाली दोन रेघा. ते फाइलला लावायचं असतं. मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय. रोज वाचते. म्हणजे बघा, फोन नको हे त्याचंच लेखी आहे. माझी चूक काय? काहीच नाही. सकाळी साहेब जाताना म्हणाले होते, की मोठं वादळ दिसलं तर तंबूवाल्यालाही फोन टाक, पत्र गेलं खड्ड्यात. मी ‘हो सर’ म्हटलं. ‘हो’ म्हणायला काय जातं? — हे कुठे बोलू नका हं. — आणि मी काय राक्षसीण नाही, आत कोणी नसतं, मंगळवारी प्रदर्शन बंद असतं, पाहून ठेवलंय मी. नुसता तंबू. आधी डाव्या कोपऱ्याचा दोर सुटेल, मग कापड फुगेल, मग सगळं एकदम वर — आणि तो रस्त्यात उभा राहून तोंड वासून बघेल. तेव्हा मी इथून ओरडणार आहे. आली, आली! वर्षभर थांबलेय मी त्या दोन शब्दांसाठी —

काय झालं? रडताय कशाला? विजेला भिता? अहो, मी भिते तेवढं तर कुणीच — कागद? बरं, द्या इकडे, बघते. पिशवी घामाने ओलीच आहे. ‘माझा नंबर यादीत पुन्हा घ्यावा... झाल्या बोलण्याबद्दल बाईंनी मोठ्या मनाने...’

ही सही. या दोन रेघा.

तुम्ही त्याच्या — आई? मग मघाशीच का नाही — हो. मीच म्हटलं बसा. तो स्वतः का नाही आला? लाज वाटली. बरं. आता कुठे आहे? वर? वर म्हणजे? मंगळवारी दोर बदलतात. शिडीवर. एकटा? आणखी तिघं.

पावणेतीन. आहे वेळ, पंधरा मिनिटं आहेत, घाबरू नका — तुम्ही यादीतून नंबर वाचा, मी लावते — रिंगच जात नाहीये. पुन्हा. नाही. ब्लॉक केलंय त्याने. आमच्या ऑफिसचा नंबर ब्लॉक! तुमचा मोबाइल द्या. द्या हो लवकर! — हॅलो? नाही, आई नाही, मी बोलतेय, इशारा केंद्रातून. हो. तीच. वादळी वारा, ताशी नव्वद किलोमीटर, विजा आणि गारा, तीनपासून साडेचारपर्यंत, उंचावरून त्वरित खाली उतरावे, तंबूपासून दूर जावे. म्हणा. — आईला नंतर देते, आधी म्हणा. ऐकू येत नाही कसं? मला तुमचं स्वच्छ ऐकू येतंय. ताशी किती? नव्वद. म्हणा, नव्वद. — मावशी, हात सोडा! नियम आहे, त्याने म्हटल्याशिवाय फोन झाला असं नाही धरता येत — शेवटचं म्हणा. सगळं राहू दे, तेवढंच म्हणा. ‘ऐकलं, समजलं.’ शंभर माणसांत तोंड चालत होतं ना? आता दोन शब्द — नाही देणार मी फोन, आधी त्याला म्हणू दे —

आई गं! केवढी ही वीज —

हॅलो?

हॅलो? म्हणा ना. नाही म्हटलं तरी चालेल, उतरा फक्त. अहो, उतरा. हॅलो?

मावशी, खिडकीतून काही दिसत नाहीये, सगळी धूळच धूळ — तीनला म्हणाले होते ते, आत्ता तर पावणेतीनच — मावशी? कुठे निघालात? दार उघडू नका. मावशी, बाहेर जायचं नाही. इशारा आहे.