शुक्रवारी घरी

२००९, मंदीचं वर्ष. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ट्राममध्ये माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. मराठी कानावर पडलं आणि माझा पेपर तसाच हातात राहिला.

"सुमेधा, खरं सांग. नागेश दर शुक्रवारी घरी का असतो? नोकरी गेली का त्याची?"

"नाही हो आई. कंपनीत काम कमी झालंय, म्हणून सगळ्यांचाच एक दिवस कमी केलाय. कुर्त्सआरबाइट म्हणतात त्याला. बुडालेल्या पगारातलं बरंचसं सरकार भरून देतं."

"सगळ्यांचाच? साहेबाचा पण?"

"साहेबाचाही. काढलं कुणालाच नाही."

"मग अमेरिकेत आपल्या थोरल्या प्रसन्नला का काढलं? त्याच्या साहेबाला तर त्याच महिन्यात बोनस मिळाला म्हणे."

"तिथे तसंच चालतं, आई. वरच्यांना टॅक्समध्ये सवलत आणि खालच्यांना नारळ."

"आणि हाच प्रसन्न धाकट्या भावाला हसायचा, तुमचं सरकार अर्धा पगार खातं म्हणून. आता नोकरीबरोबर विमाही गेला. पोरीचं दम्याचं औषध पुरवून पुरवून वापरतायत."

"हं."

"मी पण नागेशच्या मागे लागले होते, दादासारखा अमेरिकेत जा म्हणून. ऐकलं नाही माझं, फार बरं केलं."

"त्याला सांगा ना हे. बरं वाटेल त्याला."

"सांगते. पण तूही त्याला एक सांग. पगार झाला की टॅक्सच्या नावाने बोटं मोडत बसतो ना, ते आता बंद. पानातल्या अन्नाला नावं ठेवू नयेत."